आकडा तोच, अर्थ वेगळा



गेल्या चातुर्मासाच्या आरंभीची गोष्ट आहे. आमचे थोरले बंधू चार वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास, त्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागतो. दुकानाची जबाबदारी पुतण्याने घेतली, पथ्यपाणी वहिनींनी सांभाळले आणि आयुष्यभर आकड्यांत वावरलेला म्हणून कागदपत्रांची फाइल माझ्याकडे आली. प्रत्येक अहवाल तारखेप्रमाणे लावलेला, प्रत्येक पावती जोडलेली. या फाइलचा मला थोडासा अभिमानही होता.

त्या महिन्याच्या अहवालात एका आकड्यापुढे चांदणी छापून आली. अल्कलाइन फॉस्फटेज, १६८. शेजारी प्रयोगशाळेने दिलेली कमाल मर्यादा १२०. हा आकडा ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या शीर्षकाखाली असल्याने यकृत बिघडले, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला. डॉक्टरांची भेट दहा दिवसांवर होती. तेवढा काळ स्वस्थ बसवेना, म्हणून एका हितचिंतकाने सुचवलेला यकृताचा काढा मी स्वतः जाऊन आणला आणि दादांना सुरू केला.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि प्रथम काढा बंद करायला सांगितले. वनस्पतिजन्य असला तरी त्यातील पोटॅशियम आणि अन्य द्रव्ये बाहेर टाकायला दादांकडे मूत्रपिंड नाही, हे मी विसरलो होतो. मग त्यांनी सांगितले की यकृत ठीक आहे. कुरकुर हाडांची आहे. तिचे एक कारण आमच्याच घरातील जेवणाच्या वेळेत दडलेले निघाले. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा लेख आहे. आपल्या समाजात मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत. त्यामुळे डायलिसिसची फाइल सांभाळणारे माझ्यासारखे अनेक जण या वाचकवर्गातही असतील.

प्रथम मूळ शब्द समजून घेऊ. एन्झाइम, म्हणजे शास्त्रीय मराठीत विकर, हे शरीरातील पेशींचे कामगार आहेत. प्रत्येक अवयवाच्या पेशींत ठरावीक विकरे आपापले काम करीत असतात. पेशींची नित्याची झीज होते तेव्हा त्यांतील थोडी रक्तात उतरतात. धान्याच्या वखारीसमोर रोज मूठभर दाणे सांडलेले दिसावेत, तसे हे आहे. त्यात काळजीचे काही नसते. परंतु दाण्यांचा ढीग दिसू लागला, तर आत पोती फाटली आहेत हे मालकाने ओळखावे. रक्तातील विकरांची तपासणी म्हणजे सांडलेल्या दाण्यांवरून वखारीची स्थिती ताडणे होय. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपण ज्याची सर्वाधिक चर्चा करतो ते क्रिएटिनिन आणि युरिया ही विकरे नाहीत. ते शरीरातील टाकाऊ पदार्थ आहेत. डायलिसिसच्या जाळीतून ते सहज बाहेर जातात. विकरांचे रेणू मात्र आकाराने मोठे असल्याने त्या जाळीतून जात नाहीत. ‘एवढे डायलिसिस करूनही हा आकडा उतरला का नाही?’ या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

आता अहवालातील ‘नॉर्मल’ या रकान्याकडे वळू. ही मर्यादा ठरवताना निरोगी माणसांचे रक्त तपासतात आणि मधल्या शंभरपैकी पंच्याण्णव जणांचे आकडे ज्या कक्षेत येतात, ती कक्षा छापतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ठणठणीत माणसांपैकीही शंभरात पाच जणांना चांदणी मिळू शकते. दुसरी आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची: त्या निरोगी माणसांत डायलिसिसचा रुग्ण नव्हता. म्हणून ती पट्टी त्याच्यासाठी कापलेली नाही.

याचे पहिले उदाहरण अमायलेज आणि लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांचे. खात्यावरची शिल्लक दोन कारणांनी वाढते, जमा वाढल्याने किंवा नावे पडणे थांबल्याने. ही विकरे शरीराबाहेर टाकण्यात मूत्रपिंडाचा वाटा असतो. तेच थकले की स्वादुपिंड निर्दोष असूनही आकडा मर्यादेच्या दुप्पट, कधी त्याहून अधिक दिसू शकतो. म्हणून अशा रुग्णात केवळ आकड्यावरून स्वादुपिंडाच्या दाहाचे निदान करीत नाहीत. पोटात तीव्र वेदना आहेत का आणि आकडा मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेला आहे का, हे पाहून आवश्यक तर अन्य तपासण्यांचा आधार घेतात. वेदनेची तक्रार मात्र कधीही अंगावर काढू नये.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे आणि म्हणूनच अधिक फसवे. यकृताची अवस्था सांगणारी एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत आर्थर कारमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विकरे रक्तात मोजण्याची रीत दाखवली. गंमत अशी की एसजीओटीचा पहिला मोठा उपयोग यकृतासाठी झाला नाही. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी झाला. डायलिसिसच्या रुग्णांत ही दोन्ही विकरे निरोगी माणसांपेक्षा खालच्या पातळीवर आढळतात. याचे एक कारण असे की त्यांना काम करायला ब-६ जीवनसत्त्वाची जोड लागते आणि ते जीवनसत्त्व लहान रेणूचे असल्याने डायलिसिसमध्ये वाहून जाते. दुसरे, दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेल्या पाण्याने रक्त थोडे पातळ झालेले असते. परिणामी प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ४० असली तरी या रुग्णाचा नित्याचा आकडा १२ किंवा १४ असू शकतो.

दादांच्या शेजारच्या पलंगावर येणाऱ्या एका गृहस्थांची एसजीपीटी कित्येक महिने १४ च्या आसपास होती. एके महिन्यात ती ३३ झाली. ४० च्या आतच, म्हणून चांदणी नाही. घरच्यांनी कागद फाइलला लावून टाकला. डॉक्टरांनी मात्र मागचे आकडे काढून पाहिले, हिपॅटायटिस-सी विषाणूची थेट चाचणी करवली आणि ती सदोष आली. संसर्ग कोठून झाला, हे निश्चित सांगता आले नाही. पण वेळीच कळल्याने बारा आठवडे गोळ्या घेऊन ते त्यातून मुक्त झाले. पूर्वी या रोगावरील उपचार दीर्घ आणि त्रासदायक होते. आता बहुतांश रुग्ण तोंडाने घेण्याच्या गोळ्यांनी बरे होतात. मात्र रोग आधी सापडला पाहिजे. यासाठीच मूत्रपिंडविकारासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने डायलिसिसच्या आरंभी आणि त्यानंतर दरमहा एसजीपीटी पाहावी आणि हिपॅटायटिस-सीची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी, असे सुचवले आहे. चौदाचे तेहेतीस झाले याचा अर्थ दुपटीहून अधिक वाढ. आपल्या दुकानाची उधारी महिन्यात दुप्पट झाली तर ‘बँकेच्या मर्यादेत आहे’ म्हणून कोणता व्यापारी निवांत झोपेल?

आता दादांच्या चांदणीकडे येऊ. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर यकृतात असते, तसेच हाडे घडवणाऱ्या पेशींतही असते. हाडांच्या घडणीशी फॉस्फटेजचा संबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी दाखवून दिला. आज ही तपासणी यकृताच्या यादीत छापली जात असल्याने तिचे हाडांशी असलेले नाते घरातल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. माझ्याही आले नाही.

मूत्रपिंड थकल्यावर अन्नातील फॉस्फरस पुरेसा बाहेर पडत नाही. डायलिसिसने तो काही प्रमाणात निघतो, परंतु रोजच्या जेवणातून येणाऱ्या मात्रेला ते पुरत नाही. शिवाय ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे मूत्रपिंडाचे कामही मंदावते. फॉस्फरस चढला आणि कॅल्शियमचा तोल ढळला की मानेतील चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक संप्रेरक सोडू लागतात. ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. म्हणजे रोजचा खर्च भागवण्यासाठी मुदत ठेव मोडत राहावे, तसे. हाडांची मोडतोड आणि पुन्हा उभारणी वेगाने सुरू होते, उभारणी करणाऱ्या पेशींचे काम वाढते आणि त्यांचे विकर रक्तात अधिक प्रमाणात दिसू लागते. दीर्घकाळ असे चालले तर हाडे दुखतात, ठिसूळ होतात; रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून हृदयालाही धोका संभवतो.

विकर यकृताचे की हाडांचे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी गॅमा जीटी नावाचे दुसरे विकर पाहिले. ते यकृतात असते, हाडांत नसते. दादांचे गॅमा जीटी योग्य होते. फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले होते. चित्र स्पष्ट झाले. या संप्रेरकाबाबतही छापील मर्यादा लागू पडत नाही. डायलिसिसच्या रुग्णात ते प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेच्या साधारण दुप्पट ते नऊपट या कक्षेत ठेवण्याचा प्रयत्न करतात. ते निरोगी माणसाइतके खाली आणले तर हाडांचे काम अगदीच मंदावू शकते. तेथे ‘नॉर्मल’ हाच आकडा शंकास्पद ठरू शकतो!

मग डॉक्टरांनी विचारले, “फॉस्फरसच्या गोळ्या नियमित घेता ना?” दादा म्हणाले, “हो, घेतो.” ते असत्य नव्हते. चिठ्ठीवर लिहिले होते, १-१-१. सकाळी, दुपारी, रात्री. ही गोळी पोटात अन्नातील फॉस्फरसला धरून ठेवते आणि मलावाटे बाहेर काढते. म्हणून ती जेवणासोबतच घ्यावी लागते. पोटात अन्न नसताना घेतलेल्या गोळीला धरायला काहीच नसते. दादा सकाळची गोळी अन्य औषधांबरोबर नवकारशीच्या वेळी थोड्या पाण्यासोबत घेत. खाणे त्यानंतर दीड तासाने. दुपारची जेवणासोबत होई. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपत, नंतर चौविहार. चिठ्ठीवर ‘रात्री’ लिहिलेली गोळी रात्रीसाठी राखून ठेवलेली असे आणि रात्री पाणीही वर्ज्य असल्याने ती राहून जाई. तीन गोळ्यांपैकी एकच आपले काम करीत होती.

घरातील प्रत्येकाला हे ठाऊक होते. वहिनींना होते, मला होते. परंतु नवकारशी आणि चौविहार ही धर्माची बाब, ती डॉक्टरांना काय सांगायची, अशा संकोचाने कोणी बोलले नाही. आणि डॉक्टरांना आमची दिनचर्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दादांनी हे सांगितले तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, “काका, रात्रीची गोळी म्हणजे शेवटच्या जेवणाची गोळी. तुमचे जेवण साडेपाचला, तर गोळीही साडेपाचला. तुमचा नियम मोडायला मी सांगितलाच नव्हता.” दादा काही वेळ काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, “चार वर्षे मला वाटत होते, यांना सांगितले तर चौविहार सोडा म्हणतील.”

मी फाइल उघडली. अल्कलाइन फॉस्फटेजचे मागील चार आकडे एका ओळीत लिहिले: ९६, १०४, ११५, १६८. पहिल्या तिघांपुढे चांदणी नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. कर्जदाराच्या खात्यावर तीन तिमाही शिल्लक सतत चढत राहिली असती, तर मी त्याला बोलावून विचारणा केली असती. सख्ख्या भावाच्या रक्ताचे खाते मात्र मी फक्त तारखेप्रमाणे लावत राहिलो. हिशेब जपून ठेवणे आणि हिशेब तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोकरीत इतरांना शिकवले आणि घरी विसरलो.

त्यानंतर केलेले बदल लहान होते. गोळ्यांच्या वेळा जेवणाला जोडल्या. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या औषधाची मात्रा बदलली. आहारतज्ज्ञांनी खवा, पनीर, सुका मेवा, डबाबंद पदार्थ आणि कोलापेये यांवर मर्यादा घातली. डाळी मात्र बंद केल्या नाहीत. डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिनांची गरज वाढते. आणि डाळी-धान्यांतील फॉस्फरस दुधातील किंवा डबाबंद पदार्थांत मिसळलेल्या फॉस्फरसपेक्षा कमी प्रमाणात शोषला जातो. शाकाहारी माणसासाठी ही दिलासा देणारी बाब आहे. पुढील काही महिन्यांत आकडा १६८ वरून १४९ आणि मग १२६ वर आला. अजून चांदणी आहे. परंतु आता मी दिशा पाहतो आणि दिशा उताराची आहे.

या अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगासाठी नोंदवतो.

पहिली, एक साधी वही करावी. डावीकडे तपासणीचे नाव आणि पुढे महिन्यांचे रकाने. प्रत्येक नवा आकडा छापील मर्यादेशी ताडण्याआधी रुग्णाच्या स्वतःच्या मागील आकड्यांशी ताडावा. डॉक्टरांपुढे जाड फाइलऐवजी ही वही ठेवावी.

दुसरी, शक्यतो प्रयोगशाळा एकच ठेवावी. मोजण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो. जुन्या पिढीतील अहवालांत हेच अल्कलाइन फॉस्फटेज किंग-आर्मस्ट्राँग युनिटमध्ये असे आणि प्रौढ माणसाची मर्यादा ३ ते १३ असे. वडिलांच्या जुन्या कागदाशी आजचा कागद ताडून पाहणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत मांडणे.

तिसरी, रक्त कधी घेतले ते लिहून ठेवावे. डायलिसिसमध्ये दोन-तीन लिटर पाणी निघून गेल्यावर रक्त दाट होते आणि न निघणाऱ्या विकरांचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. तुलनेसाठीचे रक्त नेहमी डायलिसिसपूर्वी घेतलेले असावे. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या असतील तर पोटॅशियम, एलडीएच आणि एसजीओटी खोटेच चढलेले दिसतात. अशा वेळी डॉक्टर पुन्हा नमुना मागतात, त्याला कंटाळू नये. फिस्टुला असलेल्या हाताची सुई टोचण्यापासून राखण करावी, हे तर कधीच विसरू नये.

चौथी, चांदणी पाहून घरगुती उपाय सुरू करू नयेत. काढा, चूर्ण, वेदनाशामक गोळी, यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. माझी चूक येथेच झाली. दादांना अपाय झाला नाही हे आमचे पुण्य.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, आपले व्रत-नियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावेत. एकासणे, बियासणे, आयंबिल, चौविहार, उपवास यांतील प्रत्येकाचा औषधाच्या वेळेशी संबंध येतो. एकासणे करणाऱ्याला दिवसाकाठी एकच जेवण. त्याच्या तीन गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरच ठरवू शकतात. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. सर्व आकडे मर्यादेत आले म्हणजे उपवासाला परवानगी मिळाली, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

गेल्या पर्युषणात घरातील दोन मुलांनी अठ्ठाई केली. पूर्वी दर वर्षी तप करणारे दादा त्या दिवसांत खिन्न असतात, हे आम्ही चार वर्षे पाहत होतो. या वेळी महाराजसाहेबांच्या दर्शनाला गेलो असता दादांनी मनातील सल बोलून दाखवली. महाराजसाहेबांनी त्यांना बाह्य तपाचे सहा प्रकार मोजायला सांगितले. अनशनानंतर ऊणोदरी येते, वृत्तिसंक्षेप येतो, रसपरित्याग येतो. दिवसाला मोजून मिळणारे पाणी, ताटातील मोजके पदार्थ, खव्याच्या मिठाईचा त्याग. ते म्हणाले, “हे सर्व तुम्ही रोज करता. आजवर ते पथ्य म्हणून केले, आता भावाने करा.” दादांनी तेथेच हात जोडून पुढील पर्युषणापर्यंत खव्याच्या पदार्थांचा नियम घेतला.

आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना होते. आजाऱ्याची सेवा म्हणजे पाय चेपणे, डबा पोहोचवणे, इतकाच अर्थ मी आजवर धरला होता. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादांचा अहवाल आला की मी सामायिक आटोपून वही घेऊन बसतो. मागचे आकडे वाचतो, नवा आकडा लिहितो आणि मगच चांदणी कोठे आहे ते पाहतो.